कॅमेरा नंबर तीन

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना जाऊन आज तिसरा दिवस. सकाळी राख सावडून आलो. पाहुणे जेवून गेले.

दुपारी आईनं हाक मारली. म्हणाली, जयसिंग, तुझ्या बाबांचा चालतानाचा एखादा व्हिडिओ हाय का? फोटो नको म्हणाली. फोटोत ते पासपोर्ट काढायला बसल्यासारखे दिसतात.

सगळ्यांनी आपापले मोबाईल चाळले. बाबांचा एक धड व्हिडिओ नाही. कुणी मोबाईल वर केला की ते हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, बंद कर ते. तीन मोबाईलमध्ये मिळून 'बंद कर ते' एवढाच आवाज सापडला. आई तेवढ्यावरच रडली.

तेव्हा मला सुचलं. चाकणला आमच्या शेडवर, म्हणजे ब्रॅकेट बनवायच्या छोट्या कारखान्यावर, कॅमेरे आहेत. बाबा कंपनीतून रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं रोज शेडवर यायचे आणि कॅमेरा नंबर तीनच्या बरोबर खाली खुर्ची टाकून, व्हर्निअर लावून ब्रॅकेट मापत बसायचे. त्या कॅमेऱ्यात खुर्चीपासून गेटपर्यंत सगळं दिसतं, आणि सगळं डीव्हीआरमध्ये साठत असतं. मी पाहुण्यांसमोर जाहीर केलं की आई, चालतानाच काय, तुला बाबांचा अख्खा दिवस दाखवतो.

आई शेडवर कधीच आलेली नाही. म्हणाली, अकरा वर्सं डबा भरून दिला, पर तिथं दिवसभर करायचे काय ते मला कदी कळलं न्हाई. बघू दे एकदा.

काम सोपं आहे. डीव्हीआरच्या हार्ड डिस्कमधून बॅकअप घ्यायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा, टीव्हीला लावायचा. मी स्वतः टेक्निकल माणूस. अर्ध्या तासाचं काम आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

डीव्हीआर महिन्याभराचं ठेवतो. डिस्क भरली की सगळ्यात जुना दिवस खोडतो आणि त्या जागी आजचा लिहितो. म्हणजे घाई नाही.

कुठला दिवस घ्यायचा तेही ठरवलं. २६ जानेवारी. त्या दिवशी शेडसमोर झेंडावंदन बाबांच्या हस्ते झालं होतं. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, पोरांना स्वतःच्या हातानं जिलबी वाटली. याहून चांगलं काय पाहिजे. मुदत २५ फेब्रुवारीपर्यंत. भरपूर झाली.

बायको म्हणाली, आजच जाऊन या ना. वर्षालीला प्लॅनिंग कळत नाही. सुतक आहे. सुतकात मशिनरीला हात लावत नाहीत.

ती म्हणाली, चुलत्यांच्या सुतकात तुम्ही गोव्याला गेला होतात.

ते वेगळं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ज्योतीरामचा फोन. आमचा सगळ्यात जुना वेल्डर, लातूरकडचा. सध्या शेड तोच सांभाळतोय, कारण कस्टमरला सुतक नसतं.

त्याला डीव्हीआरचं सांगितलं. तो म्हणाला, मालक, मग मी त्याचं बटणच बंद करून टाकतो की. नवीन काही लिहिलं नाही तर जुनं खोडणार कशाला?

अडाणी उपाय. कॅमेरे बंद ठेवून कसं चालेल? कस्टमरचं ऑडिट असतं, कॅमेरे चालू पाहिजेत हे चेकलिस्टमध्येच आहे. त्याला बजावलं की हात लावायचा नाही, मी प्रॉपर पद्धतीनं घेणार आहे.

त्यानं हो म्हटलं. मग म्हणाला, त्यात तीन तारखेचं बी असंल ना, मालक.

म्हटलं, असेल, सगळंच असतं. तेवढ्यात फोन कट झाला. रेंज नसावी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दहावा. चिंचवडच्या घाटावर पाऊण तास कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मी पुढं झालो आणि म्हटलं, बाबा, बॅकअप नक्की घेतो. कावळा झाडावरून बघत बसला. पुन्हा म्हटलं, या आठवड्यात घेतो. तरी नाही.

शेवटी ज्योतीराम चप्पल काढून पुढं आला. हात जोडून म्हणाला, आप्पा, माल मापल्याबिगर गेटच्या बाहेर जाणार नाही.

कावळा लगेच शिवला. योगायोग असतो. नाहीतरी शहरातल्या कावळ्यांना आता सवय राहिलेली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तेरावा पार पडला. सुतक फिटलं. आता मी मोकळा.

आईनं खालच्या मजल्यावरच्या कुसुमताईंना सांगून टाकलंय की जयसिंग त्याच्या बाबांचा पिक्चर लावणार हाय. कुसुमताईंनी जिन्यात विचारलं, कधी? म्हटलं, याच आठवड्यात. उद्या जातोच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज शिवजयंती आहे हे लक्षात आलं नव्हतं. नाशिक फाट्यापासूनच मिरवणुका. जाण्यात अर्थ नाही. वेळ फुकट घालवला नाही मात्र. दिवसभर बसून एक्सेलमध्ये अॅक्शन प्लॅन केला. काम, जबाबदारी, टार्गेट डेट, अडचण, शेरा. रंगसुद्धा दिले. जबाबदारीच्या कॉलममध्ये सगळीकडे माझंच नाव आलं. टीम लहान असली की असं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. शेडवर कुणी नाही, शांतपणे काम होईल म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. मोशीत पाऊण तास अडकलो. साडेअकराला पोचलो.

डीव्हीआर उघडला. कॅलेंडरमध्ये ज्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे त्या तारखेखाली निळा ठिपका असतो. सव्वीस जानेवारीखाली ठिपका नाही. मॉनिटर पुसून बघितला. तरी नाही. सत्तावीसपासून पुढे आहेत.

मग डोक्यात उजेड पडला. जानेवारीत शेडमागचं भंगार चोरीला गेलं म्हणून मीच दोन कॅमेरे वाढवले आणि पिक्चर क्वालिटी फुल करून ठेवली. डिस्क तेवढीच. खाणारी तोंडं वाढली. म्हणजे आता महिना नाही, पंचवीस दिवसच मावतात.

सव्वीस जानेवारी कालपर्यंत होता. काल मी रंग देत होतो.

असो. मागचं उगाळून उपयोग नाही. हिशेब असा: सत्तावीस ते तीन फेब्रुवारी. त्यात तीस तारखेला गुरुवार, म्हणजे सुट्टी. बाबांचे सात दिवस शिल्लक आहेत आणि रोज एक जाणार. तीन तारीख शेवटची. ती २७ फेब्रुवारीपर्यंत टिकेल, अठ्ठावीसला नसेल. तीन तारखेनंतर बाबा शेडवर आलेच नाहीत. घरीच होते. सहाला पहाटे गेले. वयच झालं होतं.

गाडीतला पेनड्राइव्ह लावून बघितला. डीव्हीआर म्हणतो, आधी फॉरमॅट करा. त्यात साडेचारशे गाणी आहेत. नाही केला. नवीन चांगल्या कंपनीचा ऑनलाइन मागवला. शनिवारी येईल.

वर्षाली म्हणाली, आपल्या संत तुकाराम नगरात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो की. म्हटलं, तिथल्या मालाची गॅरंटी नसते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सत्तावीस तारीख गेली. दिवसभर डिस्पॅच. आईनं विचारलं, झालं का रं? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. ती बरं म्हणाली. तिला वाटतं प्रोसेस म्हणजे काहीतरी चालू असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पेनड्राइव्ह आला. तोवर अठ्ठावीस पण गेली होती. पण आज खरी सुरुवात झाली.

आमच्या लाईनमध्ये नियम आहे, आधी फर्स्ट पीस. एक नग काढायचा, मापायचा, ओके झाला की मगच लॉट टाकायचा. डायरेक्ट लॉट टाकणारा माणूस भंगाराचा धनी होतो, असं बाबाच म्हणायचे. म्हणून आधी कॅमेरा सातची दहा मिनिटं कॉपी केली. कॅमेरा सात म्हणजे भंगाराची जागा.

ज्योतीराम मागं उभा होता. म्हणाला, मालक, दहा मिनिटं तीन नंबरचीच काढायची होती ना.

त्याला समजावलं की ओरिजिनल मालावर ट्रायल घेत नसतात. आणि तीन नंबर उघडायचाच कशाला आधी? उगाच सारखं उघडून बघितलं तर डिस्कवर लोड येतो.

तो परत वेल्डिंगला गेला. हल्ली तो फार कमी बोलतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

एकोणतीस गेली.

फर्स्ट पीस घरच्या टीव्हीवर लागेना. ही फाईल चालणार नाही, असं टीव्ही सांगतो. वर्षाली म्हणाली, त्या बंटीला फोन करा. बंटी म्हणजे भोसरीचा, ज्यानं आमचे पहिले सहा कॅमेरे बसवले. त्याच्याशी माझं मागच्या वर्षी वाजलंय. मी त्याला चारचौघांत म्हटलं होतं की चार वायरी जोडायला इंजिनियर लागत नाही, इथून पुढं मीच बघीन. आता त्याला कुठल्या तोंडानं फोन करू? आणि करायची गरजही नाही. लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं आणि तीन तासांत फाईल उघडली.

आईला वाटलं झालं. चष्मा लावून शेजारी येऊन बसली. स्क्रीनवर भंगाराचा ढीग आणि ढिगावर झोपलेलं एक कुत्रं. मी म्हटलं, आई, ही ट्रायल आहे, बाबा नाहीत यात. ती हलली नाही. म्हणाली, पाठीमागनं गेले तर? दहाच्या दहा मिनिटं तिनं ते कुत्रं बघितलं.

फर्स्ट पीस ओके.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज तीस जानेवारी खोडली गेली होती. ती सुट्टीचीच होती, म्हणजे आज आपलं नुकसान शून्य. बऱ्याच दिवसांनी चांगला दिवस उगवला.

आता लॉट. एकेक कॅमेरा निवडत बसण्यापेक्षा सगळे कॅमेरे, सगळे दिवस, एकदम सिलेक्ट केले. मग पाहिजे ते घरी निवांत बघता येईल. स्क्रीनवर आलं, लागणारा वेळ ६३ तास. लागू दे. बटण दाबलं आणि घरी आलो. येताना बरेच दिवसांनी गाडीत गाणी लावली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेनड्राइव्ह काल रात्रीच भरून थांबला. ६४ जीबी. सगळा कॅमेरा नंबर एक आलाय. कॅमेरा नंबर एक म्हणजे शेडची मागची भिंत. माझ्याकडे आता त्या भिंतीचं बाराएक तासांचं उत्तम क्वालिटीचं रेकॉर्डिंग आहे. भिंतीला पोपडे आलेत हेही कळलं.

एकतीस गेली. उरल्या तीन तारखा.

त्यातच तीन फेब्रुवारीचा लॉट कस्टमरकडून परत आला. एकशे चाळीस ब्रॅकेट, सगळ्यांची भोकं दोन दशांश मिलिमीटर लहान. हा मापायच्या पद्धतीतला फरक असतो, त्यांचं गेज वेगळं असेल. ज्योतीरामनं क्रेट उतरवले. ब्रॅकेटांवर खडूच्या लाल फुल्या पुसल्याचे डाग होते.

ज्योतीराम म्हणाला, आप्पांच्या फुल्या आहेत, मालक.

म्हटलं, दिसतंय मला. कामाला लाग.

मग डीव्हीआरजवळ जायचं राहूनच गेलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

एक तारीख गेली. आज दोन आणि तीन, बस.

मला खरं तर दोन तारीखच हवी. दोन तारीख चांगली होती. रविवार होता, बाबा खुशीत होते. ज्योतीरामच्या मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे आले होते, त्यांनी दोन खाल्ले आणि घरी सांगू नको म्हणाले. तीच दाखवायची आईला. तीन नको.

सकाळी नऊला निघालो. आज महाशिवरात्र. सगळं पुणं भीमाशंकरला निघालेलं आणि रस्ता आमचाच. कुरुळीपर्यंत अडीच तास. तिथून पुढं चाक हलेना. दोन वाजता गाडी वळवली. पायी गेलो असतो तर बहुतेक पोचलो असतो, हे घरी आल्यावर सुचलं.

आईचा उपास होता. साबुदाण्याची ताटली घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, न्हाई झालं तर न्हाई म्हण. मी काय बोलत न्हाई.

मी म्हटलं, झालंय गं आई, फक्त एडिटिंग बाकी आहे. शुक्रवारी संध्याकाळी कुसुमताईंना बोलाव.

असं का म्हटलं मला माहीत नाही. माझ्याकडे एक भिंत आणि एक कुत्रं आहे.

मग तिनं विचारलं, त्यात ते बोलत्यात का? म्हटलं, आवाज नाही त्याला. मला फार बरं वाटलं हे सांगताना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ६.१०. निघतोय. आज जीव गेला तरी घेणार.

८.०५. पोचलो. कॅलेंडरमध्ये बाबांची एकच तारीख उरलीय. तीन. आणि तीसुद्धा मागून कुरतडली जातेय. आठ वाजेपर्यंतचं गेलं, आता सव्वाआठचं जाईल. पण त्या दिवशी बाबा सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. शेडवर आले पावणेचारनंतर. म्हणजे मला आज दुपारपर्यंत वेळ आहे. बाबांनी कधी नव्हे तो उशीर केला ते बरं झालं.

८.२५. पेनड्राइव्ह भिंतीनं भरलेला. फॉरमॅट करायला हवा. मेनूत दोन नावं आहेत. दोन्ही आकड्यांची. त्यातलं एक पेनड्राइव्ह, एक हार्ड डिस्क. चुकीचं दाबलं तर सगळंच संपलं.

८.४०. अजून दाबलेलं नाही.

८.५०. ज्योतीराम आला. सुट्टी असून, न बोलावता. म्हटलं, कसा काय? तो म्हणाला, आज शेवटचा दिवस आहे ना. त्यानं तारखा कुठं लिहून ठेवल्या होत्या कुणास ठाऊक.

८.५८. डावीकडचं नाव दाबायचं ठरवलं. चहा घेऊन दाबतो.

९.०५. लाईट गेली.

९.२०. संध्याकाळी पाचपर्यंत येणार नाही, मेंटेनन्स आहे. परवाच मेसेज आलेला दिसतोय. गुरुवारी इथं लाईटची कामं निघतात हे मला अकरा वर्षं माहीत आहे. मी रडलो. पाच मिनिटंच, ते पण शेडच्या मागं. मागच्या भिंतीजवळ.

९.४५. ज्योतीराम म्हणाला, मालक, लाईट नाही म्हणजे खोडणं बी नाही. जिथल्या तिथं थांबलंय ते.

बरोबर आहे त्याचं. हेच तो बारा तारखेला म्हणाला होता. तेव्हा ऐकलं असतं तर सव्वीस जानेवारी हातात असता. टोपी, जिलबी, सगळं.

१०.३०. बंटीला फोन केला. तिसऱ्या रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, शेठ, काका गेल्याचं कळलं, यायला जमलं नाही, माफ करा. मग सगळं सांगितलं. तो म्हणाला, डीव्हीआरच्या मागच्या आठही वायरी उपटून ठेवा. मग लाईट आली तरी कॅमेरे दिसणार नाहीत आणि नवीन काही लिहिलं जाणार नाही. कशालाच हात लावू नका, पाचला येतो.

वायरी काढायला दोन मिनिटं लागली.

१.३०. पत्रे तापलेत. ज्योतीरामनं त्याच्या डब्यातली भाकरी अर्धी दिली. तो उलट्या क्रेटवर बसलाय. बाबांची खुर्ची रिकामी आहे. मी उभाच आहे सकाळपासून. पाय दुखतायत पण तिथं नाही बसवत.

२.१५. ज्योतीरामला विचारलं, त्या दिवशी मी फार बोललो का? तो म्हणाला, मला वेल्डिंगच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. त्या वेळी वेल्डिंग बंद होतं. तोही खोटं बोलतो हे मला आजच कळलं.

५.२०. लाईट आली. बंटी आला, सोबत स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन. कुठून कुठपर्यंत पाहिजे, त्यानं विचारलं. म्हटलं, कॅमेरा तीन, तीन फेब्रुवारी, पावणेचारनंतर बाबा गेटमधून खुर्चीपर्यंत चालत येतात तेवढंच. त्यानं तेवढं लावून मोजलं, अडतीस सेकंद. तो म्हणाला, मागंपुढं जरा असावं, शेठ, साडेचारपर्यंत घेतो. मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

५.४०. झालं. आठ मिनिटं लागली. टीव्हीला चालेल अशी फाईल पण करून दिली. बंटीनं ती तपासायला एकदा बघितली असावी, कारण निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, काकूंना हे सगळं दाखवणार का?

म्हटलं, नाही, फक्त चालण्याचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेसहाला कुसुमताई आल्या. वर्षालीनं चहा ठेवला. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि पहिल्या फटक्यात चालला. प्लॅन पक्का होता. अडतीस सेकंद, मग रिमोटनं बंद.

बाबा गेटमधून आत आले. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून एक हात पुढं करून, अंदाज घेत. आई पुढं सरकून बसली. कुसुमताईंना म्हणाली, उजवा पाय बघा, वढत्यात. मला म्हणायचे दुखत न्हाई. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. बाबांनी डब्याची पिशवी खिळ्याला अडकवली.

अडतीस सेकंद झाले. रिमोट आईच्या मांडीवर होता. मी म्हटलं, आई, एवढंच आहे. ती म्हणाली, चालू हाय की अजून.

बाबांनी टेबलावरचा दिवा लावला, व्हर्निअर काढला. एकेक ब्रॅकेट दिव्याजवळ, पार नाकाजवळ नेऊन मापायला लागले. मापायचे, फुली मारायचे, बाद मालाच्या लाल बिनमध्ये टाकायचे. पुन्हा दुसरा. आई म्हणाली, असं करायचे व्हय. दहा-बारा मिनिटं आम्ही सगळे नुसते ते बघत होतो. मला वाटलं इथंच लाईट जावी.

मग मी आलो. मागं कस्टमरचा माणूस.

माझ्या आठवणीत मी दोन वाक्यं बोललो होतो, हळू आवाजात. टीव्हीवर चार मिनिटं माझा हात खाली आला नाही. शेडमधली सगळी माणसं कामं सोडून उभी होती. ज्योतीराम तोंडावरची काच वर करून बघत होता. बाबा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते, हातातल्या ब्रॅकेटकडं बघत होते. शेवटी माझा हात गेटकडं गेला. बाबांनी व्हर्निअर फडक्यानं पुसला, डबीत ठेवला, पिशवी घेतली. गेटपर्यंत गेले. तिथून परत आले, टेबलावरचा दिवा बंद केला, आणि गेले.

कुसुमताईंनी विचारलं, जयसिंग काय सांगतोय एवढं हातवारे करून?

मी म्हटलं, बाबांना म्हणत होतो, आत्ताच औषध घातलंय, डोळ्यांना ताण देऊ नका, घरी जाऊन पडा.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, त्यांनीबी घरी येऊन हेच सांगितलं. जयसिंगनं लवकर धाडलं, डोळ्यास्नी ताण नको म्हणाला. मी इचारलंबी नव्हतं. तीन दिस तेच सांगत व्हते, जेवतानाबी.

कुसुमताई चहा अर्धा ठेवून उठल्या. आईनं रिमोट दाबून पुन्हा पहिल्यापासून लावलं.

हे लिहितोय तेव्हा ती चौथ्यांदा बघतेय. मी येतो त्या ठिकाणी ती चष्मा काढून पदरानं पुसत बसते. बाबा उठून चालायला लागले की परत घालते.

तीन फेब्रुवारीला दुपारी मी बाबांना चारचौघांत म्हणालो, तुम्हाला दिसत नाही, माल कसला बाद करताय, उद्यापासून येऊ नका. माप त्यांचं बरोबर होतं. हे लिहायचं राहून गेलं होतं.